तुला बसवून आल्यावर

लोक आपलं माणूस पोचवून येतात, आपल्यात बसवून येतात. गेल्या सोमवारी तुला बसवून आलो, मल्लू. रुद्रभूमीत, समाधीच्या खड्ड्यात, मांडी घालून, अंगभर विभूती लावून, डावा हात मांडीवर उताणा ठेवून. पाठ दुखते म्हणून दुकानाच्या गादीवर सदा लोडाला रेललेला तू, इतका ताठ बसलेला मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलास. मागून कुणीतरी म्हणालं, "काय तेज हाय बघा तोंडावर." तेज कसलं, विभूती जरा जास्तच झाली होती. मीच लावली होती, मला ठाऊक.

आता लिहायला बसलोय आणि पहिल्याच शब्दाला अडलोय. 'तू'. असतास तर म्हणाला असतास, "रेवण्या, कुणाला लिवतोयस लेका? पत्ता काय घालणार?" तुझ्या हिशेबात तू नाहीस, मीही नाही, आणि मध्ये हे दुःख तर अजिबात नाही. माझ्या हिशेबात मात्र तू आहेस आणि तुझ्यावाचून मला दुपारचा चहा गोड लागेना झालाय. म्हणून मी 'तू'च म्हणणार. रागावायचं असेल तर ये आणि रागाव.

तुझ्या घरचा जंगम मी, तुमचा पुरोहित. माझ्या आजानं तुझ्या वडलांच्या गळ्यात लिंग बांधलं, माझ्या वडलांनी तुझ्या. शाळेत एका बाकावर बसलो, एकाच मास्तरांचा मार खाल्ला. पण तुमच्या घरी काही कार्य निघालं की मी पाटावर आणि तू खाली. तुझी आई तुझी मान धरून माझ्या पायावर वाकवायची, "सामींच्या पाया पड रं." तू वाकायचास आणि कुणाला दिसणार नाही असा माझा अंगठा पिरगाळायचास. मला ओरडता यायचं नाही, कारण मी सामी. डोळ्यांत पाणी यायचं तर बायका म्हणायच्या, पोराला भक्तीचा उमाळा आला.

मोठेपणी मी वडलांच्या मागं घरोघर फिरायला लागलो. लिंगदीक्षा, लग्न, वास्तू, मयत. तू पापाच्या तिकटीजवळ भांड्यांचं दुकान टाकलंस. भांड्यावर नाव घालायला तुझ्यासारखा हात गावात नव्हता. हातात मशीन धरून, जीभ दातांत दाबून तू अक्षर काढायचास आणि ते घर्रर्र गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं. नव्या संसाराच्या भांड्यांवर नवरीचं नाव, आणि माणूस गेल्यावर वाटायच्या पेल्यांवर 'यांच्या स्मरणार्थ'. दर सोमवारी पूजा आटोपून मी तुझ्या दुकानी यायचो. गिऱ्हाईक असलं तर गप्प बसायचो, नसलं तर भांडायचो.

ती दुपार तू मला कितीदा सांगितलीस, आणि दर वेळी सांगून झाल्यावर म्हणालास, "न्हाय गड्या, आसं न्हाय." लग्नसराई होती. एक बाई परातीवर नाव घालायला आली. तू मशीन हातात घेतलंस, पहिलं अक्षर काढलंस आणि थांबलास. विचारलंस, "कुणाचं नाव घालू?" तिनं सांगितलं. तू परत, "कुणाचं?" तिला वाटलं तुला ऐकायला कमी येतं, ती ओरडून सांगायला लागली. तशी तू हसत सुटलास ते थांबेचना. शेजारच्या कापडवाल्यानं मला फोन केला, "सामी, मल्लाप्पा येड्यावानी कराय लागलाय, या बिगीनं."

मी आलो तर तू शांत. परात मांडीवर, डोळे पुसलेले. म्हणालास, "रेवण्या, काय झालं न्हाय."

"मग त्यानं फोन कशाला केला?"

"तेच सांगतोय की. काय झालंच न्हाय. कवाच न्हाय."

मी तुला रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं. साखर बघितली, रक्तदाब बघितला, छातीची पट्टी काढली. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाला, जागरण झालं असेल. तू त्याला म्हणालास, "जागरण न्हाय ओ, जाग." मी तोंड फिरवलं. तुझी ती कोटी मला आवडली नव्हती, अजूनही आवडत नाही. शिवाशी एक होणं, ज्या गोष्टीसाठी माझ्या वाडवडलांनी पहाटे उठून हाडं झिजवली, ती तुला परातीवर नाव घालताना मिळावी, आणि तीही जेवणानंतरच्या सुस्तीत? मला ते पटलं नाही. मत्सर होता का? असेल. तुझ्यापाशी आता काय लपवायचं.

तू बदललास असंही धड म्हणता येईना. मॅच बघताना शिव्या देणं सुटलं नाही, तांबड्या रश्श्यासाठी बाहेर चोरून जाणं सुटलं नाही. आपल्यात चालत नाही हे मी सांगायचो, तर म्हणायचास, "बोकडाला इचार, त्यो कोण हाय." मी कानावर हात ठेवायचो. पण एक खरं, तुझी भीती गेली. पूर्वी दुकानात उंदीर मेला तरी कुठली शांत करायची ते माझ्याकडं विचारायला यायचास. ते बंद झालं. ज्याला भीती नाही त्याला सामी लागत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग सुरू झालं आपलं. मी म्हणायचो, सहा पायऱ्या आहेत, भक्तापासून सुरुवात, शेवटची ऐक्य. लिंग तळहातावर घे, त्याच्याकडं बघ, बघणारा आणि बघितलेलं आधी दोन होऊ देत, मग हळूहळू एक होतील. तू म्हणायचास, "दोन कवा झाल्ती?" मी म्हणायचो, तसं असेल तर दुकान कशाला उघडतोस, गिऱ्हाईक आणि तू एकच ना, भांडी फुकट वाट. तू म्हणायचास, "आरं, एका खिशातनं दुसऱ्या खिशात घालायचं, तर मोजून घालाय नको व्हय?" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचास. एकदा मात्र म्हणालास, "रेवण्या, तुझं पोट तुझ्या पायावर हाय. लोकांनी पाय धुयाचं सोडलं तर तू जेवणार काय? म्हणून तुला दोन लागत्यात." मी चहा तसाच ठेवून उठलो आणि दुकानाच्या पायरीवरून तुला मोठ्यानं 'भवी' म्हणालो. ज्याच्या गळ्यात लिंग नाही तो भवी. आपल्यात याहून मोठी शिवी नाही. त्याची माफी मागायला मी आज बसलेलो नाही, परत तसं बोललास तर परत म्हणेन. तू पुढच्या सोमवारी दोन चहा सांगून ठेवले होतेस, एवढंच.

आणि एक गोष्ट आपली तशीच राहिली. मी विचारलं होतं, मल्लू, तुला मिळालं एका दुपारी. बाकीच्यांनी काय करायचं? गेल्या महिन्यात एका घरी गेलो, कर्ता पोरगा गेलेला. त्याची आई दगड होऊन बसली होती. तिला जाऊन सांगू, की बाई, कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही? ती माझ्या थोबाडीत मारेल, आणि बरोबर करेल. मी तिचा हात हातात घेतला, तिचंच लिंग तिच्या तळव्यावर ठेवलं, म्हटलं ह्याच्याकडं बघ, फक्त बघ. ती बघत राहिली, मग रडली, मग पाणी प्याली. तू काय दिलं असतंस तिला?  मशीनची वायर गुंडाळत म्हणालास, "ह्येचं बघू की सोमवारी." तो सोमवार आला. त्या सोमवारी मी तुझ्या अंगाला विभूती लावत होतो.

सुवर्णाच्या लग्नाचं आठवलं की मला अजून घाम फुटतो. एकुलती एक पोर, लग्न गडहिंग्लजला, पाव्हण्यांच्या गावी. येईल त्या माणसाला स्टीलची ताटली द्यायची, असं तू ठरवलंस. ताटल्यांवर नावं तूच घातलीस, घरात कुणाला न दाखवता. आता, इतर लोक गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' लावतात, आपल्यात 'लिं.' लावतात. लिंगैक्य. आणि तू प्रत्येक ताटलीवर काय घातलंस? 'लिं. मल्लाप्पा यांचेकडून सप्रेम भेट.'

पंगत बसली होती, तू हुग्गी, गव्हाची खीर, वाढत होतास. नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं ताटली उलटीसुलटी करून वाचली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आँ? पोरीचा बा गेला कवा? आता तर हुग्गी वाढत हुता!" बघता बघता ते मांडवभर झालं. त्यांची एक म्हातारी अज्जी, डोळ्यांनी अधू, तिनं 'अय्यो शिवने' म्हणून जो गळा काढला तो आवरेना. उशिरा आलेले पाव्हणे तोंडं पाडून दारातच थांबले. लग्नात अपशकुन केला म्हणून त्यांची माणसं बाह्या सरसावून उठली. मी मध्ये पडलो. म्हटलं, मशीन चुकलं हो, 'श्री' घालायचं तिथं 'लिं' पडलं. एवढ्या ताटल्यांवर एकच चूक कशी पडेल, हे विचारायला तेवढ्या गडबडीत कुणाला सुचलं नसतं. पण तू! हातात हुग्गीची बादली, कपाळाला घाम, हसत हसत म्हणालास, "न्हाय ओ पावणं, मशीन बराबर हाय. ऐक्य व्हायला मरायला कशाला लागतंय?"

दुंडाप्पाण्णा, आपल्या समाजातला सगळ्यांत वडीलधारा माणूस, त्यानं त्या दिवशी तुझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी विसरलो नाही. लग्न पार पडलं, सुवर्णा सुखात आहे, पण गंगावैनी तेव्हा सैपाकाच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. जित्या नवऱ्याच्या नावाआधी 'लिं.' वाचलेल्या बाईला काय झालं असेल, ते तुझ्या ऐक्याला कळलं होतं का? त्या तुला एवढंच म्हणाल्या, "काय बी करा, गळ्यातलं तेवढं ठेवा. माझ्यासाठी." तू म्हणालास, "ठेवतो."

परतीच्या वाटेवर गाडीत सगळे पेंगत होते. तू माझ्या कानाशी आलास. शर्टाच्या आतून गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढलीस, माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "उघड." मी उघडली. रिकामी. लग्नाच्या सकाळी हिरण्यकेशीवर अंघोळीला गेला होतास, तिथंच पाण्यात सोडून आलास म्हणे. माझ्या वडलांनी बांधलेलं लिंग! मी तुझी कॉलर धरली. तू डबी परत गळ्यात घातलीस, म्हणालास, "गंगीला ठेवतो म्हणलंय, ठेवणार. डबी तरी ठेवतो. तिला बरं वाटंल. तू कुणाला बोलू नको." आणि सुवर्णाच्या सासरची पुरणपोळी पिशवीतून काढून खात बसलास.

मला का सांगितलंस, मल्लू? तुला ओझं नव्हतंच. मग हलकं कुणाला करायचं होतं? तेव्हापासून तू रिकामी डबी गळ्यात घालून हिंडायचास आणि मी भरल्या डबीनं तुझं ओझं वाहत हिंडायचो. महाशिवरात्रीला सगळ्यांबरोबर तू मांडी घालून बसायचास, डबी उघडून तळहातावर काहीतरी घेतल्यासारखं करून वर वस्त्र टाकायचास. मला तिकडं बघवायचं नाही. आणि खरं सांगतो, तुझा चेहरा जेवढा निवांत असायचा तेवढा त्या खोलीत माझ्यासकट कुणाचाच नसायचा. याचाच मला जास्त राग यायचा.

तुझं जाणं मी इथं लिहीत नाही. कसा गेलास ते सगळ्यांना माहीत आहे आणि ते आठवून मला काही मिळत नाही.

तुला अंघोळ घालून बैठकीत बसवलं. आपल्या रिवाजाप्रमाणं जंगमानं उजवा पाय मयताच्या डोक्यावर ठेवायचा असतो. किती डोक्यांवर ठेवला असेल आजवर, कधी काही वाटलं नव्हतं. तुझे केस ओले होते. माझा पाय त्यावरून घसरला तर कापडवाल्यानं मला धरलं. लोकांना वाटलं सामींचं वय झालं. मी मनात म्हणत होतो, पिरगाळ की रे अंगठा, एकदा पिरगाळ. घंटा वाजत राहिली. तू काही केलं नाहीस.

रुद्रभूमीत खड्ड्यात उतरायचं काम माझं. तुला कोनाड्यात नीट टेकवलं. मग शेवटचं, डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर ठेवायचं. वरून दुंडाप्पाण्णाचा आवाज आला, "सामी, जरा दावा समद्यांस्नी. लोकं काय बाय बोलत्यात ह्या माणसाबद्दल. लिंग हाय न्हवं गळ्यात?"

आता तू सांग मी काय करायचं होतं. रिकामी डबी दाखवली तर भव्याला इथं जागा नाही, बाहेर काढा, असं तो म्हणणार. तुला परत खांद्यावर घेऊन बाहेर नेतील, वैनी वर उभ्या, सुवर्णा उभी. पिशवीत दीक्षेसाठी आणलेली नवी लिंगं होती, पण पिशवी वर, दुंडाप्पाण्णाच्या पायाशी. मी तुझ्यावर वाकलो, माझी शाल दोघांवर आली. माझ्या आजानं मी पाळण्यात असताना माझ्या गळ्यात बांधलेलं, एक दिवसही अंगावेगळं न केलेलं माझं लिंग मी माझ्या डबीतून काढलं. काळं, गुळगुळीत, जसं सगळ्यांचं असतं. वर धरून दाखवलं. "हर हर" झालं. मग तुझ्या तळहातावर ठेवलं, बोटं मिटली, विभूती घातली, बेल घातला, मीठ घातलं, आणि वर आलो. माती पडायला लागली तेव्हा मी माझंच काहीतरी पुरल्यासारखा रडलो. लोक म्हणाले, काय दोस्ती होती.

आपल्यात सुतक नाही. त्याचा एरवी मला अभिमान. ह्या वेळी वाटलं, असतं तर बरं झालं असतं, दार लावून बसता आलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी शिरोळला जायचं होतं, एका घरी पोर झालेली, तिला लिंग बांधायला. नदीकाठच्या मळीच्या रानातलं घर, दारात ट्रॅक्टर, सगळे आनंदात. त्या तान्ह्या पोरीला मांडीवर घेतलं, मंत्र म्हटला, तिच्या गळ्यात लिंग बांधलं. तिच्या आज्जीनं माझे पाय धुतले, ते पाणी सगळ्यांनी डोळ्यांना लावलं. माझ्या गळ्यात तेव्हा फक्त डबी होती. भव्याकडून दीक्षा घेतलेलं ते लेकरू, त्याचं काय व्हायचं? सांग ना. तू म्हणशील काही होत नाही. मला ते चालत नाही रे. माझ्या अख्ख्या घराण्याचं काही होत नाही म्हणजे मग आम्ही केलं काय इतकी वर्षं?

पिशवीतलं एक काढून गळ्यात अडकवलं तर कुणाला कळणार आहे? पण गुरूच्या हातानं प्राण घातल्याशिवाय तो दगड, हे मीच लोकांना शिकवलंय. मठात जाऊन गुरूंना सांगू तर ते पहिला प्रश्न विचारणार, आधीचं कुठं आहे. खोटं सांगता येणार नाही. खरं सांगितलं तर दुंडाप्पाण्णा तुझ्यावरची माती उकरायला लावेल. सांगता येत नाही, झाकता येत नाही. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा आमचा नेम. मी रोज सकाळी देवघरात बसतो, तळहात पुढं धरतो, वर वस्त्र टाकतो. बाहेर घरातली माणसं न्याहारीला थांबलेली. मी तळहाताकडं बघतो. तू म्हणायचास तसं काही उजाडत नाही, मल्लू. तळहात दिसतो, त्यावरच्या रेघा दिसतात. मग मी खोटाच घसा खाकरून बाहेर येतो आणि पोहे खातो.

तू खरा असशील तर तू कुठं गेलेला नाहीस, पण मला कधी सापडणारही नाहीस. मी खरा असेन तर तू भवी म्हणून गेलास आणि आता मीही भवी. यातलं कुठलं मागू? इतकी वर्षं तुला हरवायला तडफडलो आणि आता मला तुझं जिंकणंही नको, माझंही नको. मला सोमवार पाहिजे. दोन चहा पाहिजेत आणि समोर तू पाहिजेस, मला मूर्खात काढायला.

काल दुपारी वैनींनी दुकानी बोलावलं. अर्धं शटर वर होतं. त्या तुझ्या गादीवर नाही, खाली फरशीवर बसल्या होत्या. मला वाटलं पुढच्या विधीचं विचारतील. त्या म्हणाल्या, "सामी, डबीत काय हुतं?"

"लिंग होतं, वैनी."

"दर शिवरात्रीच्या आदल्या दिशी ती डबी मीच घासत हुतो न्हवं? रिकामी डबी घासाय येळ लागत न्हाय." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, परातींच्या उतरंडीकडं बघत होत्या. "त्यांस्नी वाटायचं, मला बरं वाटतंय. म्या म्हणलं, वाटू दे. मग त्यांच्या हातावर ठिवलासा ते कुणाचं?"

माझा हात आपोआप गळ्याकडं गेला. त्यांना तेवढं पुरलं. मला वाटलं, आता ही बाई रडेल, हात जोडेल. खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीला कुणीतरी एक माणूस साक्षी असावा असं मला वाटत होतं. वैनींच्या कपाळाला आठी पडली.

"कशापायी केलासा हे? म्या बायकू असून त्यांस्नी परत धराय लावलं न्हाय. मला किती वाटायचं, तरी न्हाय लावलं. मोकळं हुतं ते. आनि तुमी शेवटाला त्यांची मूठ बांधून टाकलासा."

"वैनी, दुंडाप्पाण्णा..."

"दुंडाप्पाण्णाला म्या बघून घेतलं असतं की!"

मग त्या रडल्या. मी पाणी आणून द्यायला हवं होतं, मी परातींवरची नावं वाचत बसलो. काय सांगायचं? की तुमच्या नवऱ्याला वाचवलं? कशापासून? वैनींनी ज्याला सोडलं होतं त्याला मी पकडून ठेवलं, एवढंच माझ्या पदरात पडलं. माझा धर्म मी त्यात घालवला आणि तुझंही मी काही राखलं नाही.

खरं सांगू? त्या खड्ड्यात मला ना धर्म सुचला होता ना तुझं ऐक्य. दुंडाप्पाण्णाची भीती होती, ती नाही म्हणत नाही. पण वर तो ओरडत होता आणि खाली तुझा हात उताणा पडला होता, बोटं जरा वाकलेली, काहीतरी मागितल्यासारखी. मला ते बघवलं नाही. तू एकटा निघाला होतास आणि माझं काहीतरी तुझ्याबरोबर जावं असं वाटलं, बस्स. तू हसशील. हस.

वैनी शांत झाल्यावर मी निघालो. पापाच्या तिकटीवर ही गर्दी. ओळखीची माणसं पायाला हात लावत होती, "सामी, नमस्कार." मी हात वर करून आशीर्वाद देत होतो, सवयीनं. आपण दोन कधी नव्हतोच म्हणायचास ना, मल्लू? मग तू गेल्यावर मी मागं कसा राहिलो, एवढं तरी सांगून जायचं होतंस.